कपाटाची किल्ली

मी मच्छीमार सोसायटीत कारकून. समुद्रात माझे पाऊल घोट्यापलीकडे गेलेले नाही, पण ३१ जुलैच्या रात्री झोप माझीही उडते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. माशांच्या विणीचा काळ, त्यात पावसाळी दर्या. हे दोन महिने खलाशाच्या घरची चूल उचलीवर पेटते. कोणाची किती उचल, ते माझ्या वहीत असते. म्हणून त्यांच्या घाईचे मला नवल वाटत नाही.

शेवटच्या आठवड्यात शाकारलेल्या नौका मोकळ्या होतात, जाळी तुणून होतात, इंजिनाला तेलपाणी होते. डिझेल, बर्फ, शिधा यांच्या चिठ्ठ्या मी फाडतो. नारळी पौर्णिमा लांब असली तर म्हातारे म्हणतात, "दर्या अजून शांत नाही." पण ऐकणार कोण? पहिल्या मासळीला भाव असतो.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतला एक पोरगा पहिल्याच फेरीत लाटेबरोबर बाहेर फेकला गेला. तांडेलाने दोर टाकून ओढला म्हणून वाचला. लाइफ जॅकेटे होती हो! सोसायटीच्या कपाटात, प्लास्टिकच्या वेष्टनात, "खराब होतील" म्हणून. त्याची आई ऑफिसात आली. रागावली नाही. एवढेच विचारले, "भाऊ, किल्ली तुमच्याकडेच होती ना?"

वाचकहो, मला उत्तर देता आले नाही.

यंदा आधी माणसे मोजून जॅकेटे, मगच डिझेलची चिठ्ठी. सेक्रेटरीसाहेब कुरकुरले, "उशीर होईल." होऊ दे. कपाट मी आजच उघडून ठेवले आहे.