बारा फुटी डिशची नाभी

१९९३च्या सुमारास नारायणगावच्या आसपास केबल टीव्हीचं पेव फुटलं होतं. झी टीव्ही आणि स्टारच्या वाहिन्या एशियासॅट-१ या उपग्रहावरून यायच्या. छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारा तो सिग्नल इतका क्षीण असायचा, की केबलवाल्याला आठ ते सोळा फुटांची डिश गच्चीवर चढवावीच लागे. मी बी.एस्सी. करत होतो आणि सुट्टीत एका केबलवाल्याकडे कामाला जायचो. मालकांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. खांबावर चढून वायर ओढणं, ॲम्प्लिफायर बदलणं, महिन्याची वसुली, सगळी कामं पडायची.

धंदा बंद करणाऱ्या एका केबलवाल्याकडून दादांनी जाळीची बारा फुटी डिश घेतली. पाकळ्या सुट्या करून टेम्पोतून आणल्या आणि गच्चीवर बोल्ट आवळून पुन्हा जोडल्या. उपग्रह आमच्याकडून पूर्वेला, थोडा दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर. दिशा लावली, चित्र आलं, पण नुसत्या मुंग्या. सिग्नल वाढवून वायरीत सोडणारा एलएनबी बदलला, वायर बदलली, मुंग्या तशाच. मग नेहमीची पद्धत सुरू झाली. एकाने गच्चीवर पाना घेऊन डिश आणि तिच्यासमोर पायांवर बसवलेलं, सिग्नल गोळा करणारं फीड हलवायचं, दुसऱ्याने खाली कंट्रोल रूममध्ये टीव्हीसमोर बसून ओरडायचं, "आलं आलं, गेलं, मागं घे!" या पद्धतीने पुष्कळ डिश लागल्याही आहेत, आणि ती करणाऱ्यांच्या हाताला मी आजही मानतो. पण त्यात डिशची दिशा, फीडचं अंतर आणि फीडचा पीळ ही तिन्ही एकदम बदलत राहतात. नेमकं काय चुकलंय ते शेवटपर्यंत कळत नाही.

मला अंतराचा संशय होता. फीडचे तीन पाय एकसारख्या रंगाचे नव्हते, म्हणजे ते दुसऱ्याच कुठल्या तरी डिशचे असणार. फीड बसायला हवं नाभीत, म्हणजे डिशवर आपटलेले किरण एकवटतात त्या बिंदूत. डिशचा कागद नव्हता, नाभी किती अंतरावर ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण डिशचा छेद म्हणजे अन्वस्त, आणि अकरावीत घोटलेलं समीकरण x² = 4ay. तळाचा बिंदू हा आरंभबिंदू धरला, तर काठावरचा एक बिंदू मिळाला की a मिळतो, आणि a म्हणजेच तळापासून नाभीचं अंतर.

काठावर समोरासमोर सुतळी ताणून बांधली. अंतर १४४ इंच, म्हणजे x झाला ७२. सुतळीच्या मध्यापासून जाळीच्या तळापर्यंत पोलादी टेप सोडली, २४ इंच भरले. ७२ चा वर्ग ५१८४. त्याला चार गुणिले चोवीस, म्हणजे ९६ने भागलं, की ५४. फीडचं तोंड मोजलं तर ५७वर होतं.

"तीन इंचांनी काय बिघडतंय रे?" दादांनी विचारलं.

"दादा, या सिग्नलची एक लाट साडेसात सेंटिमीटरची आहे. म्हणजे तीनच इंच."

मग मी त्यांना कागदावर आकृती काढून दाखवली. अन्वस्तावरचा प्रत्येक बिंदू नाभीपासून आणि नियतरेषेपासून सारख्याच अंतरावर असतो. त्यामुळे डिशच्या काठावर आपटून आलेली लाट आणि तळाला आपटून आलेली लाट, दोघी नेमकं सारखं अंतर तोडून नाभीत पोचतात. किरण एका बिंदूत गोळा होतात हे बहुतेकांना माहीत असतं. ते एकाच वेळी पोचतात, हे मला जास्त मोलाचं वाटतं. फीड तीन इंच पुढे गेलं की या डिशमध्ये काठाच्या आणि तळाच्या वाटेत पावणेदोन इंचांहून जास्त फरक पडतो. तो अर्ध्या लाटेपेक्षा मोठा. म्हणजे काठावरचा सिग्नल मधल्या सिग्नलला उलटा येऊन त्यालाच खोडत होता.

पायांचे पाइप कापून नवी भोकं पाडली. नाभी फीडच्या तोंडापासून पाव इंच आत यावी लागते, म्हणून तोंड पावणेचोपन्नवर बसवलं. पडताळणीही त्याच समीकरणात होती. काठापासून नाभीचं अंतर म्हणजे a अधिक खोली, ५४ आणि २४ मिळून ७८ इंच, आणि ते काठावर कुठूनही तेवढंच भरायला हवं. सुतळी नाभीपासून काठाकडे ताणत डिशभोवती फिरलो. एका अंगाला ती कमी पडली, म्हणजे फीड कललं होतं. ते सरळ केलं. मग काठावर दोन सुतळ्या एकमेकींना काटकोनात ताणून पाहिल्या. मध्यावर त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या, म्हणजे डिशला पीळ नव्हता. खाली चित्र स्वच्छ आलं होतं. दादांनी स्वतः वर येऊन सांगितलं.

पुढे आसपासचे केबलवाले टेप घेऊन बोलवायला लागले. खोली मात्र फार जपून मोजावी लागे. याच डिशची खोली चोवीसऐवजी तेवीस धरली तर नाभी सव्वाछप्पन्नच्याही पुढे जाते. एका इंचाची चूक सव्वादोन इंचांना पडते. म्हणून मी सुतळीची दिशा बदलून बदलून मोजायचो आणि सरासरी घ्यायचो.

त्याच वर्षांत जवळच्याच खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, उभी राहत होती. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. चौदा मध्यभागी, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ती बघायला मिळते. तिथे गेलो तेव्हा कळलं की नाभीचं अंतर १८.५४ मीटर आहे. मी लगेच उलटं गणित केलं. साडेबावीसचा वर्ग भागिले ७४.१६, खोली ६.८३ मीटर. दोन मजली घराएवढी. प्रत्येक डिशला आकार देतात त्या सोळा अन्वस्ताकार चौकटी. त्यांच्यामध्ये पोलादी तारा ताणल्या आहेत आणि तारांवर पातळ जाळी. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. तिथल्या लाटा एकवीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंतच्या, त्यामुळे त्यांना ती जाळी भिंतीसारखीच. पत्र्याचं वजन वाचलं, वारा आरपार जातो, आणि म्हणूनच एवढी मोठी डिश आपल्या देशाच्या खर्चात बसली. माझ्या मते ही आपल्याकडच्या अभियांत्रिकीतली सर्वांत देखणी कामगिरी आहे.

आता मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. अन्वस्ताच्या धड्याला मुलांच्या हातात सुतळी आणि टेप देतो. घराघरांवरची डीटीएचची छोटी डिश त्यांना अडवते, कारण तिचा एलएनबी मधोमध नसतो, खालच्या अंगाला असतो. ती अन्वस्ताच्या मध्यातून घेतलेली नसते, एका बाजूचा तुकडा असते, आणि तिचा काठ किंचित लांबट असतो. मुलांनी मोजलेली एक डिश रुंदीला ६० सेंटिमीटर आणि उंचीला ६५ निघाली. साठ भागिले पासष्ट, त्या कोसाइनचा कोन सुमारे साडेबावीस अंश. डिश जिकडे तोंड करून दिसते, त्यापेक्षा तेवढी वर ती पाहत असते.