शंभर फेऱ्या

२२ जुलै २०२१ ला महाडात सावित्रीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत आलं. आजोबांचा रेकॉर्ड प्लेयर आणि ‘गीतरामायणा’च्या एलपी, सगळं चिखलात. आजोबा वर्षभर आधीच गेले होते. कव्हरांचा लगदा झाला, त्यावरचं त्यांचं अक्षरही गेलं. तबकड्या मात्र व्हिनाइलच्या, साबणाच्या पाण्याने धुतल्यावर चकाचक! प्लेयर पोलादपूरला काकांच्या माळ्यावर पडून राहिला.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत तो उघडला. साफसफाई केल्यावर मोटर चक्क फिरली. गाणं लावलं, तर आजी म्हणाली, "अरे, बाबूजींना बरं नाहीये का रे?" मला हसूच आलं. मी पडलो कॉन्व्हेंटवाला, मला अर्धे शब्दच कळत नव्हते. आजीने लहानपणी, १९५५-५६ साली, हीच गाणी पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला ऐकलेली.

तरी मोजून बघितलं. एलपीच्या मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, म्हणजे तीन मिनिटांत बरोब्बर १००. फिरत्या थाळीला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून बसलो. भरल्या ९६! बेल्ट सैल पडून घसरत होता. नवा टाकला, १०० झाल्या.

आजी काहीच बोलली नाही, डोळे मिटून ऐकत राहिली. बाजू संपल्यावर मी दुसरी तबकडी घेतली. लेबल धुऊन गेलेलं.

"आजी, ही कुठली गं?"

"लाव तू. मी सांगते."