मावशींचे माहेर

डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत न्यू जर्सीतील रोझेल गावी ज्यांच्या घरी उतरल्या, त्या थिओडिशिया कार्पेंटर यांची ओळख मराठी वाचकाला होते ती 'मावशी' म्हणून. आणि कुळवृत्तान्तांच्या कामात उभी हयात घालविलेल्या माझ्यासारख्याच्या मनात त्यावर सवयीने उठणारा प्रश्न असा, की या मावशींचे माहेर कोणते? त्यांची वंशावळ येथे मांडण्याचा माझा मानस नाही. त्या प्रश्नापायी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन दफ्तरांतून बाईमाणूस हुडकण्याची जी रीत अंगवळणी पडली, तेवढी सांगावयाची आहे.

तेथील खानेसुमारी १७९० पासून दर दहा वर्षांनी होत आली खरी. परंतु १८४० पर्यंत तिच्यात नाव काय ते कुटुंबप्रमुखाचे, आणि घरातील बाकीची माणसे म्हणजे वयाच्या रकान्यांत मांडलेले आकडे. १८५० साली प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव आले, पण गुलामांच्या निराळ्या यादीत बहुधा धन्याच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढाच तपशील उरला. प्रमुखाशी नाते सांगणारा रकाना उघडला तो १८८० साली. तोवर चुलीपाशी वावरणारी सतरा वर्षांची मुलगी त्या घरची लेक, पुतणी की मोलकरीण, हे ताडणे वाचणाऱ्याच्या मगदुरावर. पुढे १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीने १८९० च्या खानेसुमारीचा बहुतेक भाग निकामी केला. १९०० साली मात्र कारकुनाने प्रत्येक आईला विचारले, मुले किती झाली आणि हयात किती; त्या दोन आकड्यांची वजाबाकी करताना माझी लेखणी आजही क्षणभर थांबते.

आरंभी मी नावावर विसंबलो. एकाच परगण्यातील, एकाच नावाच्या, वयात दोनच वर्षांचे अंतर असलेल्या दोन स्त्रियांना एक समजून मी तीन पिढ्यांचा वृक्ष उभारला. आणि एका बापाच्या मृत्युपत्रात 'माझी कन्या, अमुकाची पत्नी' हे शब्द भेटले, त्यातला अमुक भलताच निघाला, तेव्हा सहा महिन्यांचे श्रम मुळासकट उपटावे लागले. तेव्हापासून बाईचा शोध तिच्या नावाने करीत नाही. बापाचे मृत्युपत्र, भावाच्या जमिनीचे खत, त्या खतावरचे साक्षीदार, खानेसुमारीच्या त्याच पानावरचा शेजार, या साऱ्यांची रुजुवात घालावी, म्हणजे त्यांच्यामध्ये जी जागा रिकामी राहते ती तिची. सर्वांत बोलकी दफ्तरे विधवांच्या निवृत्तिवेतनाच्या अर्जांची: शिपाई नवऱ्याशी लग्न झाल्याचा सरकारी दाखला अनेकींपाशी नसे, म्हणून जन्म-विवाह-मृत्यूंच्या नोंदींचे पान घरच्या बायबलातून फाडून त्यांनी अर्जाला जोडले, ती पाने वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आजही आहेत. सरकारदरबारी आपली नोंद व्हावी म्हणून घरची नोंद घराबाहेर काढावी लागली, आणि त्यामुळेच ती आपल्या हाती आली.

आपल्याकडे तरी निराळे काय? कुळवृत्तान्तात सुनेपुढे माहेर आणि लेकीपुढे सासर छापतो आपण. पण माहेरची यमुना सासरी आनंदी झाली, हे ठाऊक नसलेल्याला त्या दोघी दोन वाटाव्यात.

१८८७ साली आनंदीबाई निवर्तल्यावर त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांच्या कौटुंबिक दफनभूमीत तिला जागा मिळाली. उद्या एखादा अमेरिकन वंशावळकार त्या शिळेपाशी वही उघडून उभा राहील, तेव्हा जोशी आडनावाच्या या बाईपुढे नाते कोणते लिहावे, हे त्याला कोणत्याही खानेसुमारीत सापडणार नाही. त्याच्या भाषेतली 'आंट' आईकडची की बापाकडची, हेही सांगत नाही. मराठी शब्द ते सांगतो. आणि मावशीचे माहेर म्हणजे भाचीचे आजोळ, एवढे ध्यानात घेतले, तर मी इतकी वर्षे कोणाचे घर शोधीत होतो, ते माझे मलाच उमगते.