शंभर टक्के बंद

परवा बाबा आरशासमोर दाढी करत होते. गळ्याच्या डाव्या बाजूला रेझर फिरला की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. तिथली मेंदूकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद आहे. शंभर टक्के!

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात दहा मिनिटं लुळा पडला आणि आपोआप सुधारला. तपासणीत हे कळलं. "मग उघडा की!" हे माझं पहिलं वाक्य. काकांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. जांघेतून नळी घालायची, फुगा फुगवायचा, जाळी बसवायची. त्यात काय एवढं?

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं, थॉमस विलिसने १६६४ मध्ये वर्णन केलेलं. एक वाट हळूहळू बुजली तर दुसऱ्या बाजूचं रक्त त्यातून पलीकडे पोचू शकतं. बाबांच्या मेंदूनं ही सोय आम्हाला न विचारताच करून घेतली होती! आता बंद वाहिनीत तार घालताना गुठळीचा तुकडा वर गेला तर? किंवा कमी दाबाला सरावलेल्या भागात रक्त एकदम लोटून रक्तस्राव झाला तर?

त्यांनी २०११ च्या अमेरिकेतल्या सॅम्प्रिस अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यातले रुग्ण वेगळे, कवटीच्या आतली वाहिनी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेले. पण पहिल्या ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू स्टेंटवाल्यांत १४.७ टक्के, नुसत्या औषधांवर ५.८! "उघडता येतं म्हणून उघडायचं नसतं. औषधं घेऊनही पुन्हा झटके आले, रक्त कमी पडतंय असं दिसलं, तर विचार करू," ते म्हणाले.

मला पटलं. पण नाशिकच्या ताईला फोनवर सांताना घशाशी आलं. ती जरा थांबून म्हणाली, "पैशांचा प्रश्न आहे का रे?"

खरं सांगतो, ऑपरेशनला हो म्हणणं सोपं गेलं असतं. काहीतरी केल्याचं समाधान तरी मिळालं असतं. इथे काय केलं? गोळ्या, बिनमिठाची भाजी, बाबांची बिडी बंद आणि बीपीची वही.

असो. ताई अजून दर रविवारी तोच प्रश्न फिरवून विचारते. मी वहीतला आकडा वाचून दाखवतो. मागून बाबा ओरडतात, "तिला सांग, दाढी स्वतः केली म्हणावं. उजव्या हातानं!"