हेडसेट चांगला, लॅपटॉप चांगला, मग आवाज जातो कुठे?

आजकाल नोकरीची पहिली मुलाखत पुष्कळदा ऑफिसात होत नाही, घरातल्या लॅपटॉपवर होते. दहा बाय बाराच्या खोलीत शेजारचा टीव्ही, गल्लीतला भाजीवाला, कुकरची शिट्टी, हे सगळे बाजूला ठेवायचे तर हेडसेट हवाच. कान झाकले जातात आणि तोंडापुढच्या माइकमधून आपले बोलणे तेवढे पलीकडे जाते. ज्यांच्या घरी दार लावून बसायला वेगळी खोली आहे, त्यांचे हेडसेटवाचून भागते. आपल्या मुलांचे भागत नाही. म्हणून या वेळी कुटुंबाच्या पानावर आम्ही थोडे यंत्राचे बोलणार आहोत. माता-भगिनींनी पान उलटू नये, कारण ही गोष्ट एका आईमुळेच सुरू झाली.

आमच्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. नोकरदार मंडळींनी वर्गणी काढून वापरलेले चार लॅपटॉप घेतले आहेत. अभ्यासिकेतली एक मुलगी, वडील सफाई खात्यात, आई चार घरची कामे करणारी, स्वतः बी.कॉम. झालेली. गेल्या वर्षी तिची ग्राहकसेवेच्या नोकरीची मुलाखत तिच्या घरी, मावसभावाच्या लॅपटॉपवर होती. पलीकडच्या बाई म्हणाल्या, तुमचा आवाज येत नाही. मुलीला त्यांचे सगळे स्वच्छ ऐकू येत होते. ती आणखी मोठ्याने बोलली. तीनदा असे झाले आणि पलीकडून फोन तुटला. पुन्हा बोलावणे आले नाही.

रात्री ती आईला म्हणाली, "आई, त्यांना माझं इंग्रजीच पटलं नसेल गं. आवाजाचं नुसतं निमित्त."

हे ऐकून आम्हाला फार लागले. ज्यांचे म्हणणे कोणी ऐकत नव्हते त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला. त्याच समाजातल्या शिकलेल्या पोरीला 'आवाज येत नाही' हे शब्द यंत्राचा दोष न वाटता आपलाच दोष वाटावा! पण दोष यंत्रातच होता, आणि तो सापडला.

तिची आई दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने स्क्रू न खोलता सांगितले, मदरबोर्ड गेला, साडेतीन हजार लागतील. बाई तशाच विहारात आल्या. "दादा, एका घरची धुणीभांडी दोन महिने केली तर एवढे येतात. खरंच गेलंय का हे?"

आम्ही प्रथम हेडसेट मोबाइलला लावून पाहिला. दोन्ही कानांत आवाज, माइकही चालू. म्हणजे हेडसेट ठीक. मग लॅपटॉपला लावला. गाणे ऐकू आले, माइक मात्र मुका. ज्या अर्थी ऐकू येते त्या अर्थी मदरबोर्ड अगदीच मेलेला नाही, एवढे कोणाच्याही ध्यानात यावे.

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगतो. आपल्या घरांत ड्रायव्हर म्हटले की बेस्टचा, नाहीतर रिक्षाचा. लॅपटॉपमधला ड्रायव्हर हा एक छोटा प्रोग्रॅम असतो. आवाज तयार करणारी चिप एका कंपनीची, लॅपटॉप दुसरीचा, त्यावरची विंडोज तिसरीची. या तिघांना एकमेकांची भाषा समजावून देण्याचे काम तो करतो. गाडी उत्तम आणि रस्ता मोकळा असला, तरी ड्रायव्हर त्या मार्गावर नवा असेल तर गाडी भलत्याच गल्लीत शिरते. लॅपटॉप आपोआप अपडेट घेतो त्यात कधीकधी हा ड्रायव्हर बदलतो. लॅपटॉपच्या कंपनीने खास त्या मॉडेलसाठी दिलेला जातो आणि सर्वसाधारण, कुठेही चालणारा येऊन बसतो.

या सर्वसाधारण ड्रायव्हरने काय बिघडते? हेडसेटच्या पिनेकडे बारकाईने पाहा. तिच्यावर काळ्या रेघा असतात. दोन रेघा असतील तर पिनेचे तीन भाग होतात: डावा कान, उजवा कान आणि परतीची तार. ती नुसत्या हेडफोनची पिन. तीन रेघा असतील तर चार भाग, आणि चौथा माइकचा. आजच्या बहुतेक लॅपटॉपना एकच भोक असते. आत घातलेली पिन हेडफोनची की हेडसेटची, हे ओळखायला मॉडेलची माहिती असलेला ड्रायव्हर लागतो. सर्वसाधारण ड्रायव्हर पुष्कळदा चार भागांची पिनही हेडफोन समजतो. मग कानात आवाज येतो, पण माइककडे कोणी पाहतच नाही. त्या मुलीचे नेमके हेच झाले होते. (दोन वेगळ्या पिनांचा, हिरव्या-गुलाबी रंगाचा जुना हेडसेट एकाच भोकाच्या लॅपटॉपला लावायचा असेल तर दोन्ही पिना एकत्र करणारा जोड घ्यावा लागतो. तिथे ड्रायव्हर बिचारा काही करू शकत नाही.)

आम्ही स्टार्टच्या चिन्हावर उजवे बटण दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडले. त्यात 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' या ओळीखाली पाहिले. चिप बनवणाऱ्या कंपनीचे नाव असायला हवे, तिथे 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' एवढेच होते. सर्वसाधारण ड्रायव्हरची खूण ती हीच. त्या नावावर दोनदा टिचकी मारली की ड्रायव्हरच्या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' असे बटण असते, म्हणजे आधीचा परत आणा. ते दाबता येत असेल तर तिथेच काम होते. आमच्या वेळी ते फिकट पडलेले होते, कारण आधीचा ड्रायव्हर साठवलेला नव्हता. मग लॅपटॉप उलटा करून मॉडेलचा नंबर वाचला, कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर तो टाकला आणि तिथला ऑडिओचा ड्रायव्हर फुकट उतरवून घेतला. बसवला, लॅपटॉप बंद करून चालू केला. पिन घालताच पडद्यावर छोटी चौकट आली: कोणते उपकरण जोडले? तिथे 'हेडसेट' निवडले. घाईत 'हेडफोन' निवडले तर माइक पुन्हा मुकाच राहतो, तेव्हा ही चौकट पुसून टाकण्याची घाई करू नये.

माइक बोलू लागला. खर्च मोबाइलच्या डेटाचा.

उलटही घडते, हे सांगितले पाहिजे. कंपनीचा ड्रायव्हर बिघडून आवाज फाटका येतो किंवा येतच नाही, तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमधून त्याला 'अनइन्स्टॉल' करून लॅपटॉप पुन्हा चालू केला की विंडोज आपला सर्वसाधारण ड्रायव्हर बसवते आणि निदान ऐकू तरी येऊ लागते. ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी मात्र दोन साध्या गोष्टी बघाव्यात. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी'खाली माइकला परवानगी आहे ना? आणि ज्या प्रोग्रॅममध्ये मुलाखत आहे, त्यात माइक म्हणून हेडसेटच निवडला आहे ना? तिथे लॅपटॉपचा आतला माइक निवडलेला असला तर कुकरची शिट्टी पहिली पोहोचते.

बिनतारी ब्लूटूथ हेडसेटचा मोह मुलांना फार. गाणी ऐकायला तो छान. पण माइक चालू झाला की बहुतेक ब्लूटूथ हेडसेट बोलण्याच्या वेगळ्या पद्धतीवर जातात आणि कानातला आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. मुलाखतीला तारेचाच बरा, असे आमचे मत. आणि लॅपटॉपचे भोकच ढिले झाले असेल तर यूएसबीचा हेडसेट घ्यावा. त्याची ध्वनिचिप त्याच्यातच असते, लॅपटॉपच्या बिघडलेल्या ड्रायव्हरशी त्याचा संबंध येत नाही.

'तुमचे सगळे ड्रायव्हर एका टिचकीत नवे करतो' असे सांगणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. आधी फुकट तपासणी, मग पैशांची मागणी, आणि सोबत नको ते प्रोग्रॅम आत. दुकानदाराच्या साडेतीन हजारांचाच हा दुसरा अवतार.

जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुष्कळांनी ११ बसवून घेतली, पण जुन्या मॉडेलसाठी ११ चा ध्वनी-ड्रायव्हर कंपनी देतेच असे नाही. अशा वेळी त्याच मॉडेलचा १० चा ड्रायव्हर बसवून पाहावा, बहुधा चालतो.

त्या मुलीने तीन महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी मुलाखत दिली. आदल्या संध्याकाळी अभ्यासिकेत बसून तिने मैत्रिणीला फोन लावला, आपला आवाज रेकॉर्ड करून ऐकला आणि मगच घरी गेली. ती नोकरी तिला मिळाली नाही, दोन गुण कमी पडले असे कळवले गेले. "पण दादा, या वेळी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं," असे ती म्हणाली. सध्या तिसऱ्या ठिकाणची तयारी चालू आहे.

चारही लॅपटॉपचे ड्रायव्हर आम्ही एका पेनड्राइव्हमध्ये घेऊन ठेवले आहेत. विहारातल्या कपाटात, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांशेजारी, ती एका डबीत असते. प्रत्येक लॅपटॉपच्या पाठीवर मॉडेलचा नंबर कागदावर लिहून चिकटवला आहे, कारण छापलेला नंबर घामाने पुसला जातो.