महामारी आणि मंडळी

आपल्या भाषेत 'मंडळी' हा शब्द मोठा सोयीचा आहे. लग्नाला जमते ती मंडळी, नाटक करते ती मंडळी, पंक्तीला बसते तीही मंडळीच. आणि जुन्या वळणाच्या गृहस्थास पत्नीचा उल्लेख करावयाचा झाला म्हणजे 'आमची मंडळी' एवढे म्हणून तो संकोचातून सुटत असे. मराठी ख्रिस्ती लोकांनी या शब्दास आणखी एक अर्थ दिला. इंग्रजीत ज्यास चर्च म्हणतात, त्यास बायबलाच्या मराठी भाषांतरकारांनी मंडळी म्हटले. आणि हा शब्द मूळ ग्रीक शब्दाच्या इंग्रजीपेक्षाही जवळचा आहे असे आमचे मत आहे. कारण एक्लेसिया म्हणजे इमारत नव्हे. हाक ऐकून एकत्र आलेले लोक, असाच त्याचा अर्थ. इमारतीला आमची वडील माणसे देऊळ म्हणत, मंडळी म्हणत नसत. हा भेद आम्ही बालपणी रविवारच्या शाळेत घोकला होता. त्याची परीक्षा २०२० साली झाली. कारण त्या वर्षी जी गोष्ट निषिद्ध ठरली ती भिंती नव्हत्या, छप्पर नव्हते, तर जमणे हीच होती.

आम्ही मुळशी तालुक्यातील उरवडे येथे राहतो. पिरंगुटच्या बाजूचे हे गाव. एकीकडे डोंगर, खाली भातखाचरे, आणि अलीकडच्या काळात खाचरांच्या शेजारी उभी राहिलेली कारखान्यांची पत्र्याची छपरे. आसपासच्या गावांत मिळून आमच्या मंडळीची सात-आठ घरे आहेत. देऊळ मात्र पुण्यात. रविवारी सकाळी गाडी गाठावी, उपासनेस जावे, येताना मंडईतून भाजी आणावी, असा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. १३ मार्चला राज्य सरकारने साथरोगांचा कायदा लागू केला, २२ मार्चचा रविवार संचारबंदीत गेला आणि २५ मार्चपासून सारा देशच बंद झाला. कारखान्यांच्या या मुलखात 'टाळेबंदी' म्हणजे मालकाने कामगारांस बाहेर ठेवणे, असा एकच अर्थ लोकांस ठाऊक होता. आता सर्वांस आत ठेवणे हाही त्याचा अर्थ झाला. १० एप्रिलला उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलला पुनरुत्थानाचा सण. त्या दिवशी आमच्या घरी उपासनेस आम्ही, आमची पत्नी आणि तिच्या वृद्ध मावशी एवढेच होतो. मंडळी शब्दाचे सर्व अर्थ एका खोलीत मावले.

पाळकांनी दूरध्वनीवरून उपासना चालविण्याचा उपक्रम लवकरच सुरू केला. डोंगराच्या आडोशामुळे येथे आवाज मध्येच नाहीसा होतो. म्हणून शास्त्रपाठ आम्ही गच्चीवर उभे राहून ऐकत असू. पाठ पोचे, उपदेशही पोचे. पोचत नसे ते भजन. प्रत्येकाचा आवाज क्षणभर मागाहून येतो, आणि मग वीस घरांतून वीस जण गाऊ लागले की नारायण वामन टिळकांच्या भजनाचेही भांडण होते. शेवटी असे ठरले की एकाने गावे व इतरांनी आपापली यंत्रे मुकी करून घरातल्या घरात साथ करावी. आपला आवाज आपल्याखेरीज कोणासही ऐकू जात नाही हे ठाऊक असून मोठ्याने गाणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. मावशी मात्र पहिल्यापासून खड्या आवाजात गात. त्यांच्या मते ऐकणारा निराळाच होता.

प्रभुभोजनाचा प्रश्न याहून अवघड होता. प्रत्येकाने आपल्या घरी यंत्रापुढे भाकर आणि रस ठेवावा व पाळकांनी तिकडून प्रार्थना करावी, असे काहींचे म्हणणे पडले. अन्यत्र काही मंडळ्यांनी तसे केलेही. आमच्या पाळकांनी ते मानले नाही. एका भाकरीतून मोडून घेतल्यावाचून तो विधी होत नाही. तेव्हा वाट पाहू, असे ते म्हणाले. कित्येकांस हा निर्णय कठोर वाटला. आम्हांस तो पटला. जे नाही ते आहे असे भासविण्यापेक्षा त्याची उणीव भासू देणे बरे, अशी आमची समजूत आहे; मात्र याविषयी आमच्या घरातच एकमत नव्हते, हेही सांगून टाकतो.

दूरध्वनीच्या उपासनेत एक दोष होता आणि तो ध्यानात यावयास महिना लागला. ज्यांच्याजवळ तसले यंत्र नव्हते ती माणसे मंडळीतून निःशब्दपणे गळाली: धुणीभांडी करणाऱ्या दोन विधवा, एक वृद्ध जोडपे, रोजंदारीवरची काही कुटुंबे. देवळात ज्यांची जागा शेवटच्या बाकावर असे, तीच नेमकी ही माणसे. पंचांपैकी एकाने हजेरीची जुनी वही काढून नावे ताडून पाहिली तेव्हा ही गोष्ट उघड झाली. मग शास्त्रपाठाचा एक छापील कागद व त्याबरोबर शिधा, असे दर आठवड्यास पोचविण्याची व्यवस्था झाली. पोलिसांचा परवाना असलेला एक तरुण ते काम करी. कागद दारात ठेवून तो चार पावले मागे सरे आणि बाहेरूनच दोन शब्द बोले. त्या दोन शब्दांसाठी लोक ताटकळत असत, असे त्याने आम्हांस सांगितले.

राज्य सरकारने २०२० साली बाहेर काढलेला हा कायदा १८९७ चा. मुंबईत १८९६ साली शिरलेला प्लेग पुण्यास पोचला तेव्हाच्या धामधुमीत तो जन्मास आला. रँडसाहेबाच्या अमदानीत सोजिरांनी घेतलेल्या झडत्या आणि २२ जून १८९७ ची रात्र ही महाराष्ट्रास विसरता येण्याजोगी नाही. परंतु त्याच दिवसांतील एक गोष्ट तितकीशी आठवली जात नाही. पंडिता रमाबाई त्या वेळी पुण्यात शारदासदन चालवीत होत्या. दुष्काळामुळे मध्यप्रांतातून त्यांनी अनाथ मुली आणल्या. प्लेगच्या शहरात इतकी गर्दी करता येणार नाही, असे अधिकाऱ्यांनी बजावले. आणि बाईंनी त्या मुलींना केडगावच्या माळावर नेले. मुक्तिसदनाचा पाया असा पडला. जमण्यास मनाई झाली म्हणून ही संस्था उजाड माळावर उभी राहिली, आणि ती १८९७ पासून आजतागायत नांदते आहे.

रमाबाईंनी आज्ञा पाळली, पण तोंड मिटून पाळली नाही. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात पुण्याच्या प्लेग-इस्पितळातील अव्यवस्थेवर व तेथे स्त्रियांच्या वाट्यास येणाऱ्या वागणुकीवर कडक पत्र लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती, पत्र ख्रिस्ती आणि लिहिणारीही ख्रिस्ती. तरी तिने भीड धरली नाही. मंडळीच्या सेवेचा विचार करताना लोक शिधा, औषध आणि प्रार्थना यांची गणना करतात. तक्रारीची करीत नाहीत. आमच्या मते ती प्रथम करावी.

सेवा ही काही मंडळीची मिरास नव्हे, हेही याच साथीने दाखविले. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. सत्यशोधकांची ती माउली कोणत्याही पाळकाच्या हाकेवरून गेली नव्हती. आमच्या लोकांनी हे नाव घेताना मान थोडी अधिक लववावी.

मुंबईच्या जुन्या गावठाणांतून फिरणाऱ्यास त्या काळाची एक निराळीच खूण दिसते. वांद्रे, माझगाव, गिरगावची खोताची वाडी अशा ठिकाणी कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी क्रूस उभे आहेत. त्यांतील कित्येक प्लेगच्या वर्षांत तेथील मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन लोकांनी उभारले. आळीतल्या माणसांनी देवळाऐवजी आळीतच गुडघे टेकले. मे महिन्यात या क्रुसांपुढे माळेची प्रार्थना म्हणण्याचा परिपाठ पुढेही चालत आला. विश्वास घराच्या उंबऱ्यापर्यंत चालत येऊ शकतो, हे त्या आळीकरांनी कोणास न विचारता ठरविले. २०२० साली वांद्र्याची मोतमावलीची जत्रा भरली नाही. त्याच वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका ३० जून रोजी एस.टी.च्या गाडीत बसून पंढरीस गेल्या. दिंडीतल्या वारकऱ्याने घरी राहावे आणि पादुकांनी गाडीने जावे, यातले दुःख ज्यास कळले त्यास आमचा ईस्टरचा रविवार निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' मांडला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही त्यात जागा होती. पंथांच्या भिंतींबाहेर लोकांस बोलावण्याचे त्यांचे धाडस त्या वेळी अनेकांस रुचले नव्हते. भिंतीच बंद झाल्यावर ते पुष्कळांस आठवले.

साथ आली म्हणजे धर्मोपदेशकांत दोन तऱ्हा दिसू लागतात. एक म्हणतो, विश्वास असेल तर रोग शिवणार नाही, बिनधास्त जमा. असे म्हणणारे आमच्याही बाजूस निघाले, आणि लपूनछपून भरविलेल्या अशा एका प्रार्थनेनंतर तीन घरांत माणसे अंथरुणास खिळली. दुसरा दारे लावून घेतो व देवाने सांभाळ केल्याची साक्ष देतो. विटेनबर्ग येथे १५२७ साली प्लेग आला तेव्हा मार्टिन ल्यूथरने या दोघांसही उत्तर देऊन ठेवले आहे. ज्यांच्यावर लोकांचा भार आहे त्यांनी पळू नये. परंतु जेथे आपली गरज नाही तेथे जाऊन रोगाचा प्रसारही करू नये, औषध घ्यावे, हवा शुद्ध करावी, असा त्याचा अभिप्राय. तो स्वतः गाव सोडून गेला नाही.

गरज कोठे आहे हे कळावयास मरणाइतका स्पष्ट प्रसंग दुसरा नाही. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने या रोगाने मेलेल्या सर्वांस, धर्म कोणताही असो, अग्नी द्यावा असा हुकूम काढला व त्याच दिवशी तो बदलून मोठ्या दफनभूमीत दफनास मुभा दिली. पुढे वांद्र्याच्या दफनभूमीबद्दल शेजाऱ्यांनी हरकत घेतली, ती मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे रोजी फेटाळली. प्रेतापासून रोग पसरतो यास आधार नाही आणि सन्मानाने अंत्यविधी हाही माणसाचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याची बाजू अशी निर्वेध झाली. उरला तो पेटीला हात लावण्याचा प्रश्न.

आमच्या मंडळीतले एक निवृत्त शिक्षक २०२० च्या सप्टेंबरात वारले. दोघे मुलगे रुग्णालयात, पत्नी घरात कोंडलेली. पाळक आणि मंडळीतले तीन तरुण पांढरे प्लास्टिकचे पोशाख घालून गेले. दोर सोडताना हातमोजे घसरत होते, असे त्यांतला एक मागाहून सांगत होता. शास्त्रवचन काय वाचले ते त्याला आठवत नव्हते, पण दोर आठवत होता. ठरल्या वेळी आम्ही सर्वांनी आपापल्या घरी तेच स्तोत्र वाचले. त्यानंतर ते तिघे पंधरवडाभर आपल्या घरी गेले नाहीत. देवळाच्या मागच्या भांडारघरात त्यांनी मुक्काम केला आणि पाळीपाळीने एकेका घरचा डबा पायरीवर येऊन पडे. उपासनेस बंद असलेली आमची इमारत त्या वर्षी इतकी राबली, की तसे तिचे भाग्य पूर्वी कधी उजाडले नव्हते: समोरच्या दालनात धान्याची पोती, मागे हे तिघे, आणि वेदीपुढे कोणीच नाही.

राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्यास उघडली, पुढल्या एप्रिलात पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेच्या मुहूर्तावर कायमची उघडली. मधल्या बंदीत उरवड्यावर एक संकट कोसळले, त्याचा रोगाशी म्हटला तर संबंध होता, म्हटला तर नव्हता. ७ जून २०२१ रोजी येथील एका रासायनिक कारखान्यास आग लागून १७ कामगार मृत्यू पावले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. पाणी निर्जंतुक करण्याची द्रव्ये तेथे होत असत. साऱ्या जगाने हात धुतले त्या वर्षांत निर्जंतुकतेची मागणी किती वाढली होती ते सांगावयास नको. देह ओळखू येईनात, म्हणून ओळख पटविण्यासाठी ते पुण्यास ससून रुग्णालयात न्यावे लागले.

त्या रविवारच्या उपासनेत, अर्थात दूरध्वनीवर, पाळकांनी मृतांसाठी प्रार्थना केली. ती चालू असतानाच मावशी मध्ये बोलल्या. आपले यंत्र मुके केलेले आहे अशी त्यांची समजूत होती. ते तसे नव्हते. "प्रार्थना होईल, पण कारखाना बंद पडल्यावर वाडीतल्या बायांची मजुरी गेली त्याचे काय?" हे वीसही घरांनी ऐकले. कोणी हसले नाही. पाळकांनी थोडे थांबून 'आमेन' म्हटले आणि लागलीच हिशेबाची वही मागविली.

आमच्या घरी मावशींच्या आईपासून एक रीत चालत आली आहे. दोन्ही वेळच्या स्वयंपाकात तांदूळ वैरण्यापूर्वी त्यातली एक मूठ काढून निराळ्या डब्यात टाकावयाची; पूर्वी यासच मुष्टिफंड म्हणत. तो डबा त्या सोमवारी मावशींनी आमच्या हातून शेजारच्या वाडीत एका घरी पाठविला. घर आमच्या मंडळीतले नव्हे. दारावर विठ्ठलाची तसबीर होती. घरच्या बाईने काही न विचारता डबा घेतला. आठ दिवसांनी तिचा मुलगा तो परत घेऊन आला. डबा घासून लख्ख केलेला होता, आणि रिकामा भांडा परत करू नये म्हणून तळाशी मूठभर इंद्रायणी तांदूळ होते.