निजामाचं विमान कोण ओतणार?

धाराशिव जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव ज्यांच्यावरून पडलं, त्या सातव्या निजामांनी, मीर उस्मान अली खानांनी, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना एका अख्ख्या स्क्वाड्रनची विमानं दिली. ११० (हैदराबाद) स्क्वाड्रन हे त्याचं नाव आणि विमानं डीएच-९ए जातीची: लाकडी सांगाडा, वर कापड, दोन मजली पंख, अमेरिकन लिबर्टी इंजिन. प्रत्येक विमानावर देणगीदाराचा उल्लेख रंगवलेला होता. त्यांपैकी एफ-१०१० क्रमांकाचं, ‘हैदराबाद १२-ए’ असं लिहिलेलं विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनीवरच्या बॉम्बहल्ल्यात खाली उतरवावं लागलं आणि जर्मनांच्या हाती पडलं. पुढे ते बर्लिनच्या विमानसंग्रहालयात गेलं, दुसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये पोचलं आणि १९७७ साली एका स्पिटफायरच्या बदल्यात ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयाने ते परत मिळवलं. निजामाची श्रीमंती शेवटी रयतेच्या साऱ्यावर उभी होती आणि ती रयत म्हणजे सास्तूर, लोहारा, उमरग्याकडचे आमचे पणजोबाही होते. असं असताना या विमानाचं नाव इथे कुणाच्या कानावर नाही. रेझिनच्या विमान-किटांबद्दल मला जे म्हणायचं आहे त्याची सुरुवात इथून होते. कोणतं विमान लहान रूपात टिकतं आणि कोणतं विसरलं जातं, हे बाजार ठरवतो. रेझिन हे असं साहित्य आहे की ज्यामुळे तो निर्णय बाजाराच्या हातून थोडाफार आपल्या हातात येतो.

प्लॅस्टिकचं किट काढायचं तर धातूचा साचा कोरावा लागतो, दाबयंत्र लागतं आणि हा खर्च वसूल व्हायला हजारो पेट्या खपाव्या लागतात. म्हणून कंपन्या स्पिटफायर, मस्टँग, मेसरश्मिट यांच्याकडेच पुनःपुन्हा वळतात. रेझिनचं तसं नाही. एक मूळ नमुना हाताने घडवायचा, त्याच्याभोवती सिलिकॉन रबर ओतून साचा करायचा, त्या साच्यात दोन द्रवांचं पॉलियुरेथेन मिसळून ओतायचं. साचा काही डझन ओतकामांनंतर फाटायला लागतो. मग त्याच नमुन्यावरून नवा करायचा. भांडवल थोडं, प्रती थोड्या. साठच्या दशकात मराठीत सायक्लोस्टाइल केलेल्या अनियतकालिकांनी जे केलं तेच हे काम आहे: मोठे छापखाने ज्याला हात लावणार नाहीत ते चारशे वाचकांसाठी काढायचं. शर्यतीच्या सागरी विमानांचं रेझिनशी जमलं ते याच कारणाने. श्नायडर करंडक या सागरी विमानांच्या शर्यतीतली विमानं मुळातच मूठभर होती. सुपरमरीनचं एस-६बी फक्त दोन बांधली गेली, इटलीचं मॅकी एम.सी.७२ पाच. इंजिनाच्या तक्रारींमुळे मॅकीला १९३१ची शर्यत गाठता आली नाही, पण २३ ऑक्टोबर १९३४ रोजी फ्रान्चेस्को आजेल्लोने गार्डा सरोवरावर त्याच विमानातून ताशी ७०९ किलोमीटरचा वेग गाठला. पिस्टन इंजिनाच्या सागरी विमानांत तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. अशा विमानाची आठवण ज्यांनी टेबलावर जिवंत ठेवली, त्यांत घरच्या खोलीत रबराचे साचे ओतणाऱ्या छोट्या कारागिरांचा वाटा मोठा आहे.

पुष्कळ लोक मॉडेलला शोभेची वस्तू मानतात. मी त्याला पुरावा मानतो, आणि याचं उत्तम उदाहरण एस-६बीच आहे. हे विमान म्हणजे स्पिटफायरचा बाप, असं सर्रास लिहिलं जातं. दोन्हींचा रचनाकार आर. जे. मिचेल, तेव्हा सांगणाऱ्याचं फारसं चुकतही नाही. पण १:७२ मापाची दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवून बघा. एस-६बीचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतेरा सेंटिमीटर भरतो, स्पिटफायरचा साडेपंधराच्या वर. एस-६बीचा पंख तारांनी वर धडाला आणि खाली तरंड्यांना (फ्लोटना) ताणून बांधलेला; स्पिटफायरचा पंख एकाही तारेशिवाय उभा. आणि त्याचा तो लंबवर्तुळाकार घाट शर्यतीच्या विमानात कुठेच दिसत नाही. मग वारसा कशाचा? एस-६बीचं खरं नवल तापमान आवरण्यात होतं. सुमारे २,३०० अश्वशक्तीच्या रोल्स-रॉइस इंजिनाचं पाणी पंखांच्या दुहेरी पत्र्यातून फिरत थंड होई, तेल धडाच्या कडेने शेपटीपर्यंत जाऊन परत येई, इंधन तरंड्यांत असे. आणि इंजिनाच्या पिळाला तोल म्हणून उजव्या तरंड्यात ते जास्त भरत. वारसा आहे तो या विचाराचा: विमानाचा प्रत्येक पृष्ठभाग काहीतरी काम करेल, नाहीतर नुसता वारा अडवेल. हे वाक्य पुस्तकात वाचून पटतं, पण दोन पंख बोटांत धरल्यावर नेमकं कुठे पटायचं आणि कुठे नाही तेही कळतं. जाता जाता एक नोंद: ब्रिटिश सरकारने १९३१साली हात आखडता घेतल्यावर या विमानासाठी लेडी ह्यूस्टन यांनी एक लाख पौंड दिले. तेरा वर्षांपूर्वीचा निजाम आणि या बाई, दोघांच्या देणग्यांवर ब्रिटिश विमानविद्या चालली होती.

मॉडेल पुरावा आहे असं म्हटलं की ते खोटंही बोलू शकतं हे मान्य करावं लागतं. रेझिनच्या पंखाची मागची कड घ्या. पुष्कळ किटांत ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते, कारण त्याहून पातळ भागात रेझिन नीट पोचत नाही, बुडबुडा अडकतो. अर्ध्या मिलिमीटरला ७२ने गुणा: साडेतीन सेंटिमीटरहून जास्त जाडीची कड. खऱ्या डीएच-९एला अशी कड असती तर ते दिसायला फळकुटासारखं झालं असतं. म्हणून कड आतल्या बाजूने पॉलिशपेपरवर घासून कागदासारखी करायची. घासायची ती पाण्यात, नाकावर मास्क लावून, कारण पॉलियुरेथेनची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट. यात हयगय करू नये. कापडी पंखांवर फासळ्यांमधला झोळ किट करणारे हौसेने खोल दाखवतात; नीट ताणून लाख दिलेल्या कापडाचा झोळ या मापात डोळ्याला जेमतेम जाणवायला हवा. आपल्या हवेचाही इथे संबंध येतो. मिश्रणातला एक द्रव ओलाव्याशी भांडतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ओतकाम फेसाळतं. म्हणून मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे काम जिकिरीचं. मराठवाड्याची कोरडी हवा त्यासाठी उलट सोयीची. अडचण आहे ती उन्हाची. मे महिन्यात रेझिन घट्ट व्हायला एरवीपेक्षा फारच कमी वेळ घेतं, ओतायच्या आधीच कपात गोळा होतो, आणि टेकूवर ठेवलेला लांब पातळ पंख हळूहळू वाकतो. वाकलेला पंख गरम पाण्यात धरून काचेवर सपाट दाबला की सरळ होतो. ज्या उष्णतेने बिघडवलं तीच दुरुस्तही करते. ओतकाम मात्र पहाटेच उरकावं हे बरं.

आता आक्षेप. पहिला, आजच्या तरुणांचा: थ्री-डी प्रिंटर आला, रेझिनचं ओतकाम संपलं. यात अर्धं सत्य आहे. लाकूड आणि पुट्टीतून मूळ नमुना कोरण्याचं कसब खरोखर मागे पडतंय, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण प्रिंटरला विमान ठाऊक नसतं. पंखाचा छेद कुठे किती जाड, बंदूकवाल्याची कडी कुठल्या उंचीवर, रेडिएटरच्या झडपा उघड्या दिसाव्यात की मिटलेल्या, हे फोटो आणि मूळ आराखडे बघूनच ठरवावं लागतं. चूक असेल तर प्रिंटर तीच चूक सुबकपणे शंभरदा छापतो. आणि पुष्कळ ठिकाणी आता पहिला नमुना छापतात, तो घासून गुळगुळीत करतात आणि प्रती पुन्हा रबराच्या साच्यातच ओततात. म्हणजे जुन्या कामात एक नवं हत्यार आलं इतकंच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आपल्या भागातूनच येईल. ज्या निजामाविरुद्ध लढून मराठवाडा मुक्त झाला, त्याच्या विमानाचं कौतुक कशाला? माझं उत्तर असं की मॉडेल करणं म्हणजे कौतुक करणं नव्हे. ‘हैदराबाद १२-ए’ ही अक्षरं त्या धडावर का आली, पैसा कुणाचा होता, तो कुणाला विचारून दिला, हे प्रश्न ती अक्षरं डोळ्यांसमोर आल्याशिवाय विचारलेच जात नाहीत. दुसऱ्या महायुद्धातही हेच झालं: १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रनच्या बोधचिन्हात निजामाचं शिरोभूषण होतं, आणि त्याची स्पिटफायर विमानं १९४०मध्ये इंग्लंडच्या आकाशात आणि नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. मग या कपाटात तिसरं विमानही ठेवा: हॉकर टेम्पेस्ट. महायुद्धाच्या शेवटी घडलेलं हे लढाऊ विमान स्वतंत्र भारताच्या हवाई दलाकडे आलं आणि सप्टेंबर १९४८च्या हैदराबाद कारवाईत निजामाच्या राज्याविरुद्ध उतरलं. त्याच कारवाईत १३ सप्टेंबरला सोलापूरकडून आलेल्या आपल्या सैन्याने नळदुर्ग घेतलं. एका मापात केलेली ही तीन विमानं, १९१८, १९४० आणि १९४८, एका फळीवर ठेवली तर या जिल्ह्याचा तीस वर्षांचा इतिहास शाळेतल्या मुलाला दहा मिनिटांत सांगता येतो. यातलं मधलं विमान कुठल्याही दुकानात मिळतं. बाकीच्या दोघांच्या नेमक्या आवृत्त्या, नेमक्या खुणांसह, आपल्यालाच कराव्या लागतील.

आणि यादी इथे थांबत नाही. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४०मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. तिथे हार्लो पीसी-५ हे शिकाऊ विमान जोडलं गेलं. युद्धकाळात अमेरिकनांची कॅटलिना सागरी विमानं बेळ्ळंदूरच्या तळ्यात उतरून दुरुस्तीला त्याच कारखान्यात येत. ज्यांना सागरी विमानांचा विषय दख्खनच्या पठाराला परका वाटतो, त्यांच्यासाठी हे उदाहरण पुरेसं आहे. जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलच्या हाताखाली शिकलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळूरच्या याच कारखान्यात एचटी-२ घडवलं. ते १९५१साली उडालं, दीडशेहून जास्त बांधलं गेलं, आणि भारतीय वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. मोठ्या परदेशी कंपनीला दोन आसनांच्या या शिकाऊ विमानात पैसा दिसणार नाही. रेझिनच्या शंभर पेट्यांना तो दिसण्याची गरजही नाही.

आपल्याकडे याचा काय उपयोग, असं सास्तुरात तरी कुणी विचारू नये. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदं कोसळली, आणि माणसांबरोबर एक गावही गेलं, ज्याची नेमकी मापं आता कुठे सापडायची? फोटोतून मापं काढायची, अंदाज आणि खात्री वेगळी ठेवायची, मग हाताने घडवायचं, ही विद्या विमानाला लागते तशी वाड्यालाही लागते.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात कुणी हवाई दलात, बंगळूरच्या कारखान्यात किंवा युद्धकाळी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत त्यांचे जुने फोटो रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि विमानावरचा क्रमांक लिहून ठेवा. अंधुक फोटोही ठेवा. चाकाजवळ उभ्या राहिलेल्या माणसाच्या उंचीवरून विमानाचं माप काढता येतं.